मानसिंगची बारा खुंट्यांची गिटार

आमच्या बेंजो पार्टीत एक रीत आहे. पार्टीतल्या कुणाच्याही लेकीचं लग्न असलं, की हळदीला पहिली चाल तिच्या बापानं वाजवायची. बाप ढोलकीवाला असो, ताशावाला असो, नाहीतर नुसता खुळखुळा हलवणारा असो. लेकीच्या अंगाला हळद लागायच्या आधी बापाच्या हाताचा आवाज तिच्या कानावर पडला पाहिजे. ही रीत कुणी घातली ते मला ठाऊक नाही. माझ्या थोरलीच्या हळदीला मला एकशे दोन ताप होता आणि तरी मी गळ्यात ढोलकी अडकवली होती. बायको म्हणाली, चक्कर येऊन पडलात तर? मी म्हटलं, चाल संपवून पडतो.

मी कोंडीबा. विजापूर रोडला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि लग्नसराईत मी आमच्या बेंजो पार्टीचा ढोलकीवाला. पार्टीचा मालकही मीच, म्हणजे टेम्पो उशिरा आला तर शिव्या मी खायच्या. पण ही गोष्ट माझी नाही, मानसिंगची आहे. तो आमचा बेंजोवाला. ज्यांनी आमचा बेंजो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: मांडीवर मावेल अशी लांबट लाकडी पेटी, तिच्यावर पोलादी तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हाताच्या बोटांनी बटणं दाबायची. वरातीत लोक नाचतात ते ढोलकी-ताशावर, पण गाणं कुठलं चाललंय हे कळतं ते बेंजोमुळं. हे मी ढोलकीवाला असून कबूल करतो.

मानसिंग मूळचा मोडनिंबचा. बत्तीस वर्षांपूर्वी सोलापुरात आला आणि नवी पेठेत प्रभुअण्णांच्या कापड दुकानात चिकटला, तो अजून तिथंच आहे. बोलायला कंजूष. गिऱ्हाईक पन्नास थान उलगडून काही न घेता उठलं तरी ह्याच्या कपाळावर आठी नाही, पुन्हा घड्या घालत बसणार. घरातला टॉवेलसुद्धा दुकानातल्यासारखा घडी घालून ठेवतो. कापड टर्रकन फाडलं की नुसत्या आवाजावरून त्यात सूत किती आणि भेसळ किती हे सांगायचा. प्रभुअण्णा पैज लावायचे आणि हरायचे. असा कान देवानं ज्याला दिला त्याची बोटं मात्र देवानं काढून घेतली. ह्या हिशेबाचा मला तेव्हा भयंकर राग आला होता आणि आजही थोडा आहे.

झालं असं, की त्याच्या लेकीच्या लग्नाच्या आदल्या साली गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत मानसिंगचा एक सूर अडकला. बटण दाबलं गेलं आणि बोट उचललंच गेलं नाही. मी ढोलकीवरून डोळे वटारले. त्यानं हसण्यावारी नेलं. दिवाळीपर्यंत डाव्या हाताची मधली दोन बोटं तळव्याकडं वळून बसली, ती सरळ होईनात. डॉक्टर म्हणाले, साखरेमुळं बोटांच्या शिरा आखडल्यात. ऑपरेशन करता येईल, पण बोटं पहिल्यासारखी पळतील ह्याची खात्री नाही. डीजेच्या धुमाकुळात निम्म्या पार्ट्या बसल्या होत्या, आता कुठं लोक डीजेला वैतागून पुन्हा बेंजोला विचारायला लागले होते, आणि नेमका आमचा बेंजोवाला घरी बसला.

मार्गशीर्षात त्याच्या रेश्माचं लग्न ठरलं. वैशाखात, मोडनिंबला, चुलत्याच्या दारात मांडव घालून. पोरगी गुणाची. नर्सिंगचा कोर्स केलेली, बापाचा हात रोज तेल लावून चोळणारी. तिनं आपल्या परीनं चांगलंच सुचवलं, की पप्पा, हळदीला मोबाइलवर लावलं तरी चालेल, तुम्ही हाताला त्रास देऊ नका. दुसऱ्या दिवशी मानसिंग माझ्या दुकानात आला आणि जुन्या टायरांच्या ढिगावर बसून राहिला. मी पंक्चर काढत होतो. दोन पंक्चर झाल्यावर तो बोलला.

"कोंडीबा, रेश्माच्या हळदीला म्याच वाजवणार. मोबाइल न्हाय."

मी त्याच्या हाताकडं पाहिलं. त्यानं खिशातून फोन काढून मला एक व्हिडिओ दाखवला. एक माणूस मांडीवर गिटार आडवी ठेवून बसला होता आणि डाव्या हातातली एक लोखंडी कांडी तारांवरून घासत नेत होता. बोटं कुठं दाबतच नव्हता.

"ह्याला बोटं लागत न्हाईत," मानसिंग म्हणाला, "मूठ लागती. मूठ हाय की माझ्याकडं."

आता गिटार आणायची कुठून हा प्रश्न. तो प्रभुअण्णांनी सोडवला, आणि त्यामागं एक गंमत आहे. प्रभुअण्णा जातिवंत व्यापारी. त्यांच्या सिद्धेश्वरीला कॉलेजात असताना गिटार शिकायची हौस आली, तेव्हा अण्णा स्वतः ती आणायला गेले. दुकानदारानं विचारलं, सहा तारांची देऊ का बारा तारांची? अण्णांनी विचार केला, थोड्याशा फरकात माल दुप्पट मिळतोय, मग सहाची कशाला घ्या? घेऊन आले बारा तारांची. पोरगी बिचारी नवशिकी, तिला सहा तारा आवरेनात तिथं बारा काय आवरणार. दोन महिन्यांत गिटार कापडाच्या गोदामात गेली ती सात वर्षं तिथंच. मानसिंगनं भीत भीत विचारलं तर अण्णा गादीवरून उठलेसुद्धा नाहीत. "तगोंड होगो माराया," म्हणाले, "घेऊन जा बाबा. गोदामात उंदरं वाजवतेत तिला." जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा उठली त्या आठवड्यात गिटार रिक्षात घालून मानसिंग माझ्या दुकानात घेऊन आला.

बारा खुंट्या बघून आम्ही दोघंही हरखलो. मानसिंगच्या बेंजोला मुख्य तारा चारच, इथं एकदम बारा. आणि इथंच आमची अक्कल गहाण पडली. बेंजोच्या त्या चारी तारा एका जाडीच्या असतात आणि सगळ्या एकाच सुरात लावतात, म्हणजे आवाज भरून येतो. मानसिंगचा हात तीस वर्षं तेच करत आला होता. त्यानं ठरवलं, गिटारच्याही बारा तारा एकाच सुरात आणायच्या. गिटारच्या तारा एक बारीक, एक जाड, एक दोरखंडासारखी गुंडाळलेली अशा का असतात, हा विचार आमच्या मनात आला नाही असं नाही. आला होता. पण मी सायकलवाला. चाक सरळ करायचं तर आऱ्या सारख्या ताणाव्या लागतात, एक ढिली एक घट्ट ठेवली की चाक डुगडुगतं, हे मी चाळीस वर्षं करतोय. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, मानसिंगा, ढिलं ठेवू नको, सगळ्या सारख्या खेच.

त्यानं खेचल्या. पहिली जाड तार मधेच तुटून माझ्या कानाजवळून गेली. आम्ही म्हटलं, जुनी होती. दुसरी तुटली. म्हटलं, गंजली असेल. मग उरलेल्या तारांवर सगळा भार टाकून मानसिंग हलक्या हातानं खुंटी पिळत होता, कान तारेला लावून, डोळे मिटून, अगदी सुराच्या तोंडाशी आला होता, आणि धाडकन आवाज झाला. तारा ज्या लाकडी पट्टीला अडकवलेल्या असतात ती पट्टीच गिटारच्या पोटावरून उखडली. सात वर्षं सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात पडलेली वस्तू ती, तिचा सरस कधीच मेला होता. पट्टीबरोबर वरच्या फळीचा तळहाताएवढा टवका निघाला. तारा सगळ्या एकमेकींत गुंतून लोंबायला लागल्या.

मानसिंगनं टवका उचलला, कपड्यानं पुसला आणि खिशात ठेवला. मग उपरणं झटकून घरी निघून गेला. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं. मला रात्रभर एकच टोचत राहिलं, की ताण म्हणून सांगणारा मी होतो. पोरीच्या हळदीला बाप हात मांडीवर ठेवून बसणार, आणि ते माझ्यामुळं.

मग मी एक गोष्ट केली. आज सांगताना हसू येतं, तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं होतं. टेंभुर्णीला अभिमन्यू म्हणून एक बेंजोवाला आहे, चांगला तयार हाताचा गडी. मी त्याला फोन केला. म्हटलं, मोडनिंबला अमुक तारखेला हळद आहे, बेंजो घेऊन ये, पण मांडवात येऊ नको. टेम्पोत मागं बसून राहा, मी खूण केली तरच पुढं ये. त्यानं जास्त काही विचारलं नाही, येतो म्हणाला. मी फोन ठेवला आणि मानसिंगला ह्यातलं काही सांगितलं नाही. त्याला कळलं असतं की कोंडीबानं आपल्यावरचा भरवसा सोडला, तर त्यानं खचून हात टेकले असते. आणि खरं सांगायचं तर मी भरवसा सोडलाच होता.

चौथ्या दिवशी मानसिंग पुन्हा दुकानात. खिशातून टवका काढून त्यानं माझ्यासमोर ठेवला.

"लाकडाचा दोष न्हाय," तो म्हणाला. "आपला हाय. तिला बेंजो करायचा तर बेंजोवानी तारा बांधाव्या लागतील की."

तीन दिवस त्यानं हाच विचार केला होता. बेंजोच्या तारा पोटावर चिकटवलेल्या नसतात, पेटीच्या शेवटाला खिळ्यांना अडकवलेल्या असतात, म्हणजे सगळा ओढा टोकाच्या जाड लाकडावर येतो. आम्ही गिटारचं तेच केलं. गल्लीतल्या सुतारानं टवका सरसानं बसवून दिला, वर चार दिवस वजन ठेवलं. मी एका भंगार सायकलच्या कॅरिअरची पोलादी पट्टी कापली, तिला वाकवून भोकं पाडली आणि ती गिटारच्या बुडाला स्क्रूनं आवळली. जाड तारा सगळ्या फेकल्या. बेंजोच्या बारीक तारा आणल्या, सगळ्या एका जाडीच्या. बारापैकी आठच खुंट्या वापरायच्या ठरल्या. चार तारा उंच, एकाच सुरात, त्यांच्यावर कांडी फिरणार. उरलेल्या चार जरा खाली बसवलेल्या, षड्ज-पंचमात, नुसत्या झंकारायला. शेवटी मानसिंगनं त्याच्या बेंजोचा झाकणाचा स्क्रू काढला, आतला पिकअप, म्हणजे तारांचा आवाज भोंग्यापर्यंत नेणारा तुकडा, सोडवला आणि गिटारला लावला. पिकअप काढलेला बेंजो वरातीत मुका. मी म्हटलं, अरे विचार कर. तो म्हणाला, केलाय.

ह्या वेळी खुंट्या पिळताना मी दुकानाच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. आत एक एक तार वर चढताना ऐकू येत होती. मग सगळ्या एका सुरात आल्या आणि काही तुटलं नाही. मी आत आलो तर मानसिंग आठही तारांवरून हात फिरवत बसला होता.

पण अजून घोडं अडलेलंच होतं. कांडी. मी हँडलच्या पाइपचा तुकडा कापून दिला, तो त्याच्या वळलेल्या बोटांतून निसटायचा. सीटखालचा दांडा दिला, तो जड झाला. तारांवरून नेताना हात थरथरायचा आणि सूर केकाटायचा. एप्रिल लागला तरी एक चाल धड निघेना. दुपारी नवी पेठेत चिटपाखरू नसतं, तेव्हा तो गोदामात बसून घासत राहायचा. पुढं गादीवर लोळत प्रभुअण्णा म्हणायचे, उंदरं बरी होती.

ही अडचण सोडवली रंभावहिनींनी, म्हणजे मानसिंगच्या बायकोनं. लग्नाची तयारी म्हणून त्यांच्याकडं शेंगांची चटणी कुटायचं चाललं होतं. कुटायला हात कमी म्हणून वहिनींनी नवऱ्याला बसवलं. मी पत्रिका घ्यायला गेलो होतो. मानसिंग डाव्या हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता धरून शेंगदाणे कुटत होता, आणि वहिनी काम सोडून त्याच्या हाताकडं बघत होत्या.

"अवो, बत्ता कसा बसलाय बघा की हातात," त्या म्हणाल्या. "बोटं वळल्यात ती जणू ह्याच्यासाठीच."

खरोखरच, वळलेली दोन बोटं बत्त्याभोवती बरोबर बसली होती, आणि बत्त्याच्या डोक्याची गाठ मुठीच्या वर अडकून तो निसटत नव्हता. मानसिंग उठला, धुऊन पुसून बत्ता घेतला आणि गिटार मांडीवर ओढली. पहिल्याच घासणीला सूर निघाला तो सरळ, न केकाटता. त्याच्या मिशीला शेंगदाण्याचा कूट लागला होता तो तसाच. वहिनी एवढंच म्हणाल्या, की भावजी, आता चटणी तुमच्या बायकोकडं कुटायला पाठवते.

हळदीच्या दिवशी आम्ही चारच्या सुमाराला मोडनिंबला पोचलो. ऊन रणरणत होतं. टेम्पोत मागं, चादरीआड अभिमन्यू बसला होता. मी त्याला पाण्याची बाटली दिली आणि पुन्हा एकदा बजावलं. मांडवात रेश्मा पाटावर बसली होती, सवाष्णी वाटीत हळद कालवून थांबल्या होत्या. मानसिंग नवा सदरा घालून सतरंजीवर मांडी घालून बसला. मांडीवर घडी घातलेला टॉवेल, टॉवेलवर गिटार, हातात बत्ता. गावातली माणसं कुजबुजली. कुणीतरी विचारलं, हे काय, कुटायला बसले का काय? मी ढोलकी गळ्यात अडकवली.

पहिला सूर चुकला. बत्ता जागेच्या जरासा पुढं गेला आणि आवाज तिरपा आला. माझी नजर आपोआप टेम्पोकडं गेली. पण मानसिंगनं तो सूर सोडला नाही, तिथूनच मागं सरकवत बरोबर जागेवर आणला, जणू मुद्दामच तसं केलं होतं, आणि गणपतीची चाल धरली. मी ढोलकीवर थाप दिली. पार्टी मागून आली. चाल पुरी झाली, एकदाही बत्ता निसटला नाही. रेश्मा मुंडावळ्यांखालून बापाच्या हाताकडं बघत होती. रोज तेल लावून चोळलेला तो हात. ती रडत होती आणि हसतही होती. सवाष्णींनी हळद लावायला हात पुढं केले.

मग मानसिंगची चुलती शिवबाई, वय पंच्याऐंशीच्या घरात, तिनं आपण होऊन घाण्याची ओवी उचलली. एरवी म्हातारी गायला लागली की आम्ही वाद्यं थांबवायचो. तिचा आवाज दोन सुरांच्या मधनं घसरत जायचा आणि बेंजोची बटणं तिथं पोचायची नाहीत, सूर तुकडे तुकडे व्हायचे. ह्या वेळी मानसिंगनं बत्ता तिच्या आवाजामागं सोडला. ती वर चढली की तोही चढायचा, ती खाली ओघळली की तोही ओघळायचा. म्हातारी मधेच थांबली. तिनं मानेनंच त्याला पुढं जा म्हणून सांगितलं, आणि पुढची ओळ एकट्या गिटारनं म्हटली. मांडवातल्या बायकांनी पदर डोळ्याला लावले.

"बाबा, आजवर तू माझ्या मागनं धापा टाकत यायचास," शिवबाई म्हणाली. "आज बरूबर चाललास."

माझ्या छातीवरचा दगड उतरला तो त्या क्षणी. तीन महिने मी नीट जेवलो नव्हतो हे मला तेव्हा समजलं. जेवणाच्या पंगती बसल्या तशी मी जिलबीची ताटली घेऊन टेम्पोकडं गेलो. अभिमन्यूला इतका वेळ उन्हात चोरासारखं बसवलं, त्याची माफी मागणं भाग होतं. मी हात जोडून म्हटलं, बाबा, तुला उगाच हेलपाटा घातला, पण हे मानसिंगला कधी सांगू नको. अभिमन्यूनं जिलबी तोंडात घातली आणि माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं पाहिलं.

"तात्या, मानसिंगनानांनी मला तुमच्या आदीच आठ दिस सांगून ठेवलं हुतं," तो म्हणाला. "म्हनाले, बेंजो घिऊन ये, मागं बसून राहा, म्या मान हलवली तर पुढं ये. आनि कोंडीबाला सांगू नगंस, त्याला वाईट वाटंल."

मी हिशेब केला. माझ्या फोनच्या आधी आठ दिवस म्हणजे गिटार अजून अण्णांच्या गोदामातच होती. एकही तार तुटली नव्हती तेव्हाच त्यानं पोरीच्या हळदीची सोय करून ठेवली होती, आणि मग मोकळ्या मनानं गिटार घ्यायला गेला होता. मी त्याच्या अब्रूसाठी झुरत होतो आणि त्यानं स्वतःची अब्रू केव्हाच बाजूला काढून ठेवली होती.

मी तसाच मांडवात गेलो. मानसिंग गिटारच्या तारा कपड्यानं पुसत बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, अभिमन्यू भेटला, त्याला मीही बोलावलं होतं. त्यालाही कळलं की दोघांनी एकाच गड्याला चोरून बोलावलं होतं, आणि त्याला हसू आवरेना. हसता हसता मलाच रडू फुटलं. मी विचारलं, अरे, मग मला का नाही सांगितलंस?

"काय सांगायचं त्यात?" तो म्हणाला. "लेकीची हळद हाय, माझी परीक्षा न्हाय. म्या नापास झालो तरी हळद वाजायला पायजे हुती."

मग त्यानं तारा पुसून झालेल्या कपड्याची दुकानातल्यासारखी घडी घातली आणि अभिमन्यूला बोलवायला मला पाठवलं. वरातीला बेंजो आणि गिटार दोन्ही पाहिजेत, म्हणाला.